उभ्या गाडीचे ब्रेक

चेंबूरमध्ये एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात किंवा सोसायटीच्या स्टिल्टखाली कव्हर घालून उभी असलेली फियाट ही तशी या भागातली घरचीच गाडी. हार्बर लाइनवर चेंबूरच्या अलीकडे टिळकनगर, त्याच्या अलीकडे कुर्ला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच कुर्ल्यात होता. तिथे बनणाऱ्या फियाट ११०० ची ‘डिलाइट’ १९६४ मध्ये आली, १९७३ मध्ये ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते आणि तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत, त्यामुळे अनेक घरांत कव्हर निघते, नवी बॅटरी बसते, कार्ब्युरेटर साफ होतो, इंजिन खोकत का होईना चालू होते. आणि मग गाडी गेटपर्यंत येते तेव्हा लक्षात येते की पेडल जमिनीला टेकते आहे. यावर बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो नवा मास्टर सिलिंडर टाकण्याचा. या प्रकरणाचे म्हणणे असे, की हा सल्ला बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. जुन्या गाडीचे हायड्रॉलिक ब्रेक धावून जेवढे खराब होतात त्यापेक्षा कितीतरी जास्त उभे राहून खराब होतात. उभ्या गाडीत त्यांना बिघडवते ते पाणी, आणि पाणी एका भागात राहत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी बिघाड पेडलवरून ओळखायचा आणि दुरुस्ती मात्र सगळ्या यंत्रणेची करायची.

ब्रेक उभे राहून बिघडतात याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशके सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला चारही चाकांना ड्रमब्रेक होते, घरगुती पद्मिनीला होते तसेच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती बंद झाली. वीस वर्षे, दिवसातून शेकडो वेळा सिग्नलला थांबत, चार माणसे आणि टपावर सामान घेऊन ते ब्रेक चालले. रचनाच कमकुवत असती तर हे शक्य नव्हते. टॅक्सीचे लायनर झिजायचे, त्यामुळे ड्रम उघडावे लागायचे. ड्रम उघडला की गळती दिसायची, रबर बदलले जायचे, पाइप सुटला की जुने ब्रेक ऑईल सांडून नवे यायचे. सिलिंडरमधला पिस्टन रोज हलत असल्यामुळे त्याला एका जागी चिकटायला उसंत मिळत नसे. घरच्या गाडीचे लायनर मात्र अजून जाड असतात आणि नेमकी तीच जाडी मालकाला फसवते. लायनर शाबूत, म्हणजे ब्रेक शाबूत, असा त्याचा समज होतो.

यंत्रणा समजून घेतली तर पेडलवरून निदान करणे अवघड नाही. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर सगळे चालते. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली विक्रीची गाडी म्हणजे १९२१ ची अमेरिकन ड्यूसेनबर्ग. फोर्डने तारा-दांड्यांचे ब्रेक सोडून ही पद्धत घेतली ती १९३९ च्या गाड्यांत. हिशेबासाठी एक नमुना घेऊ. हे आकडे कोणत्याही एका मॉडेलचे नाहीत, पण या आकाराच्या गाड्यांच्या जवळचे आहेत. मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस सेंटिमीटर. त्याची चाल २५ मिलिमीटर. एका पूर्ण दाबात तो जेमतेम ७ घनसेंटिमीटर ऑईल पुढे ढकलतो. चहाचा दीड चमचा म्हणा. एवढ्याशा ऑईलवर चार चाकांतले आठ पिस्टन बाहेर सरकवायचे असतात. व्हील सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर धरला तर आठ पिस्टनांचे मिळून क्षेत्रफळ होते सुमारे ३० चौरस सेंटिमीटर, आणि प्रत्येक पिस्टनाच्या वाट्याला सव्वादोन मिलिमीटरपेक्षा थोडीच जास्त चाल येते. आता शू आणि ड्रम यांच्यातली फट प्रत्येक ठिकाणी नुसती एक मिलिमीटर वाढली असेल, तर ती भरण्यातच ३ घनसेंटिमीटर ऑईल खर्ची पडते आणि पेडलची जवळजवळ निम्मी चाल ब्रेक लागण्याआधीच संपते. गळती नाही, हवा नाही, मास्टर सिलिंडर ठणठणीत, तरी पेडल खाली. दोष ॲडजस्टरचा, आणि खर्च शून्य. हा हिशेब ध्यानात असता तर कितीतरी मास्टर सिलिंडर विनाकारण बदलले गेले नसते.

हवेचाही असाच हिशेब आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. चौरस सेंटिमीटरला ३५ किलोच्या दाबाखाली हवेचा बुडबुडा मूळच्या छत्तिसाव्या हिश्शाएवढा उरतो, म्हणजे गेल्यातच जमा. तेव्हा पाइपात १ घनसेंटिमीटर हवा असेल तर तेवढेच ऑईल वाया जाते. मास्टर पिस्टनाची साडेतीन मिलिमीटर चाल जाते आणि पेडलची तरफ पाचपट धरली तर पायाखाली पावणेदोन सेंटिमीटर. म्हणून पेडल खाली गेले की दोन-तीनदा भराभर पंप करून पाहायचे आणि ते वर आल्यावर कसे लागते याकडे लक्ष द्यायचे. वर येऊन लाकडासारखे टणक लागले तर शूची फट वाढली आहे: पहिल्या दाबातले ऑईल परत येण्याआधी दुसरा दाब पोहोचला आणि फट भरली गेली. वर येऊनही गादीसारखे मऊ राहिले तर हवा आहे. इतका साधा फरक. पण तो पायालाच कळतो, डोळ्यांना दिसत नाही.

त्यानंतर पाय तसाच दाबून ठेवायचा आणि निवांत तीसपर्यंत मोजायचे. पेडल जागच्या जागी राहिले तर ठीक. हळूहळू खाली बसू लागले तर ऑईल कुठेतरी निसटते आहे, आणि ते बाहेर जाते की आतल्या आत, याचे उत्तर ब्रेक ऑईलच्या टाकीत मिळते. टाकीतली पातळी उतरत नसेल, कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबर दाब धरत नाही आणि ऑईल त्याच्या कडेने मागे सरकते आहे. मास्टर सिलिंडर खोलण्याची खरी वेळ हीच. पातळी उतरत असेल तर चाके पाहायची: टायरची आतली बाजू, ड्रमच्या मागची पत्र्याची प्लेट, आणि ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट. बूट नखाने हलकेच उचलला आणि आतून थेंब ओघळला तर रबर गेले. मागच्या चाकात मात्र घाई करू नये, कारण तिथे एक्सलचे ऑईलही गळू शकते. संशयित थेंब दोन बोटांत चोळून पाण्याखाली धरावा. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळून धुऊन जाते, गिअर ऑईलचा तवंग बोटांवर तसाच राहतो. जाता जाता सांगायला हवे की हेच ब्रेक ऑईल रंग खाते. ज्या मडगार्डच्या रंगावर महिने घालवले त्यावर सांडले तर पुसत न बसता ताबडतोब पाणी ओतावे.

पेडल टणक, चाल बरोबर, तरी गाडी थांबत नाही, असेही होते. मालकाला हे सर्वांत गोंधळात टाकते, कारण पेडल चांगले म्हणजे ब्रेक चांगले, असे वाटत असते. टणक पेडल एवढेच सांगते की दाब तयार होतो आहे. तो शूपर्यंत पोहोचतो का, आणि शू ड्रमला धरतो का, हे वेगळे प्रश्न. व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून जाम झाला असेल, होज पाइप आतून सुजून बंद झाला असेल, लायनरने तेल प्यायले असेल किंवा त्यावर काचेसारखा थर चढला असेल, तरी पेडल टणकच लागणार. गाडी ब्रेक लावताना डावीकडे ओढत असेल तर बहुतेक जण डावे चाक उघडतात, पण डावे चाक आपले काम करते आहे. खोट बहुधा उजवीकडे आहे, जिथे ब्रेक लागतच नाही.

ब्रेक सुटत नसेल, चाक गरम होऊन जाम राहत असेल, तर निदानाची एक सुरेख रीत आहे. चाक जॅकवर उचलून, ते अडकलेले असतानाच त्याचा हवा काढायचा निप्पल पाव आटा सैल करायचा. ऑईलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळे फिरू लागले, तर पाइपात दाब कोंडला होता. चाक तसेच अडकून राहिले तर दोष दाबाचा नाही, लोखंडाचा आहे: जाम पिस्टन, थकलेली स्प्रिंग, गंजलेली हँडब्रेकची केबल. कोंडलेला दाब एकाच चाकात असेल तर त्या चाकाचा होज पाहावा. जुना होज बाहेरून चकचकीत दिसतो, आतले रबर सुटून त्याची झडप बनलेली असते. पायाच्या जोराने ऑईल आत जाते, पण स्प्रिंगच्या जोराने बाहेर येत नाही. चारही चाके अडकत असतील तर मास्टर सिलिंडरकडे वळायचे, पण तिथेही आधी पेडलचा फ्री प्ले पाहायचा. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडते. कोणीतरी पेडल वर घ्यायच्या हौसेने पुशरॉड वाढवून ठेवलेला असेल तर ते छिद्र झाकलेलेच राहते, गरम होऊन फुगणाऱ्या ऑईलला परतीची वाट उरत नाही, आणि ब्रेक आपोआप लागत जातात. अमर महल जंक्शनच्या गर्दीत अर्धा तास रांगलेली गाडी पुढे सांताक्रूझ लिंक रोडच्या पुलावर ओढेनाशी होते, तेव्हा इंजिनाला दोष देण्याआधी ड्रमजवळ हात नेऊन पाहावा.

आता पाण्याकडे. ब्रेक ऑईल हे नावालाच ऑईल आहे. आपल्याकडच्या डॉट ३ आणि डॉट ४ या जाती ग्लायकॉल इथरच्या, आणि हे रसायन हवेतला ओलावा शोषून घेते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असते, होजच्या रबरातूनही ओलावा झिरपतो. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी चालतो, असे मानक सांगते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. चेंबूरला एका बाजूला ठाण्याची खाडी, माहुलची खारफुटी, आणि वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत अशी हवा. दहा-पंधरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीतले ऑईल किती पाणी प्यायले असेल याची कल्पना त्याच्या रंगावरून येते: नवे फिक्या मधासारखे, जुने गढूळ चहासारखे आणि तळाशी गाळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुर्ला-चेंबूरच्या सखल भागांत गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्या दिवशी बुडालेल्या गाडीचे इंजिन उघडले गेले, सीट वाळवल्या गेल्या. ब्रेकची टाकी बाहेरून पुसून पुढे गेलेल्या गाड्यांत तेव्हाचे पाणी आजही गंज करत असणार.

हे पाणी दोन प्रकारे घात करते. एक उतारावर. बोरघाट उतरताना ड्रम तापतात, उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि ऑईलमधले पाणी उकळते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. एका लहानशा थेंबाची वाफ मास्टर सिलिंडर एका पूर्ण दाबात ढकलतो त्या ऑईलच्या दहापट होऊ शकते. पाय दाबलेला असतो तोवर दाबाखाली ती रोखली जाते. पाय सुटला की फुगते, ऑईलला टाकीकडे ढकलते, आणि पुढच्या वळणावर पेडल थेट जमिनीला लागते. खाली थांबून गाडी गार होऊ दिली की ब्रेक पूर्ववत. गॅरेजमध्ये नेल्यावर दोष सापडत नाही, आणि मालकाच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. दुसरा घात उभ्या गाडीत, आणि तो अधिक मुरलेला. पाणी सिलिंडरच्या बोअरला गंज लावते, पण सगळीकडे नाही. पिस्टन जिथे टेकलेला असतो तिथली भिंत बरी राहते, त्याच्या पुढची भिंत, जिथे पिस्टन वर्षानुवर्षे गेलाच नाही, ती खडबडीत होते. मालक उत्साहाने कव्हर काढतो, बसतो आणि पेडल जमिनीपर्यंत दाबतो. त्या एका दाबात रबराची पातळ कड गंजाच्या खरबरीत भागावरून घासत जाते आणि चिरते. काल दाब धरणारा मास्टर सिलिंडर आज धरत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे पेडल पहिल्या दिवशी दाबूच नये. पेडलच्या परीक्षा घ्यायच्या त्या अर्ध्या चालीच्या आत, आणि त्याआधी टाकी उपसून, साफ करून, ताजे ऑईल भरून.

‘पेडल तर पूर्ण दाबले गेले, मास्टर सिलिंडर गेला, मग तोच बदलू, बाकी गाडी कशाला उसकटायची?’ हा आक्षेप खर्चाच्या दृष्टीने रास्त वाटतो. पण मास्टर सिलिंडरमध्ये जे ऑईल होते तेच चारही चाकांत आहे. एकाच वेळी बसवलेली, एकाच पाण्यात भिजलेली पाच सिलिंडरांची रबरे. त्यांतले सर्वांत आधी हार मानलेले रबर बदलले की दाब सुधारतो आणि तो सुधारलेला दाब पुढच्या कमकुवत रबरावर पडतो. महिन्याभराने मागचे डावे चाक गळते, मग पुढचे उजवे. प्रत्येक वेळी ड्रम, प्रत्येक वेळी हवा काढणे, आणि गळलेल्या ऑईलने भिजलेले लायनर फेकून देणे. पाचही सिलिंडर एकदम काढणे दिसायला मोठे काम आहे. हिशेबात ते स्वस्त पडते. बोअरवर नुसता डाग असेल तर हलके होनिंग पुरते. नखाला लागेल असा खड्डा असेल तर होनिंगने तो जात नाही, फक्त व्यास वाढतो. तिथे पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह बसवून घेणे हाच मार्ग, आणि स्लीव्ह गंजत नाही हा वरचा फायदा. रबरी किट घेताना पाकिटावरच्या जुन्या छापाचे प्रेम आवरावे. चाळीस वर्षांपूर्वीचे न वापरलेले मूळ रबर हे चाळीस वर्षांचे म्हातारे रबरच असते. आणि खनिज तेल, मग ते इंजिनाचे असो वा ग्रीस, या रबराच्या जवळ येऊ देऊ नये. टाकीत कधीकाळी कोणी चुकून इंजिन ऑईल टाकले असेल तर सगळी रबरे आणि सगळे होज फुगलेले सापडतील, आणि सगळेच बदलावे लागतील.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: पाणी हाच शत्रू असेल तर पाणी न शोषणारे सिलिकोनचे डॉट ५ ऑईल का भरू नये? ते रंग खात नाही हे खरेच, आणि प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी त्याचा विचार जरूर व्हावा. पण पाणी न शोषणे म्हणजे पाणी आत न येणे नव्हे. आलेले पाणी ऑईलमध्ये विखुरण्याऐवजी यंत्रणेतल्या सर्वांत खालच्या जागी, म्हणजे व्हील सिलिंडरच्या तळाशी, थेंब होऊन साचते आणि तिथेच भोक पाडते. शिवाय ते ग्लायकॉलच्या ऑईलात मिसळत नाही, त्यामुळे यंत्रणा पूर्ण कोरडी करून नवी रबरे घालूनच भरावे लागते. मुंबईच्या हवेत मला जास्त पटतो तो साधा डॉट ३ किंवा ४ आणि दर वर्षी पावसाळा सरल्यावर बदल. सर्वसाधारण सल्ला दोन वर्षांचा असतो. इथला पावसाळा पाहता तो निम्म्यावर आणावा. तिसरा आग्रह असतो दोन सर्किटांच्या मास्टर सिलिंडरचा. जुन्या एकेरी सर्किटमध्ये एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात आणि हातात उरतो हँडब्रेक, म्हणून ही सुधारणा मोलाची आहे. अमेरिकेने १९६८ पासून ती सक्तीची केली. व्हिंटेज नोंदणीचा नियम चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांबद्दल बोलतो, तेव्हा जुना भाग जपून ठेवून असा सिलिंडर बसवणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण दोन्ही सर्किटांत तेच मुरलेले ऑईल असेल तर घाटात दोन्ही एकदम उकळतील.

सगळे जोडून झाल्यावर हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून. आपल्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ड्रम उघडे असताना धूळ फुंकून उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने टिपावी. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑईलात बुडवायचे, आतल्या माणसाने पेडल सावकाश दाबायचे आणि बाहेरच्याने ‘बंद’ म्हणेपर्यंत सोडायचे नाही. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. बुडबुडे थांबले तरी नळीतला रंग चहासारखा असेल तर थांबायचे नाही. मधासारखा होईपर्यंत चालू ठेवायचे. मग गाडी आवारातच चालण्याच्या वेगाने पुढे-मागे, मग आतल्या गल्लीत चार फेऱ्या, आणि परत आल्यावर चारही ड्रमजवळ तळवा नेऊन पाहायचे. तीन कोमट आणि एक गार असेल तर त्या गार चाकाचा ड्रम पुन्हा उघडायचा.